नव्याने रुजू झालेल्या सहवैमानिकाच्या हातात खरोखर किती पैसे उरतात?

कपाशी_आर्वी यांचा प्रश्न

सर्व जाणकारांस नमस्कार.

आम्ही वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यातले शेतकरी आहोत. माझा धाकटा भाऊ दहा महिन्यांपूर्वी एका विमान कंपनीत सहवैमानिक म्हणून रुजू झाला. त्याच्या प्रशिक्षणासाठी आम्ही पाच एकर ओलिताची जमीन विकली आणि आर्वीतील घर तारण ठेवून बँकेचे पंचेचाळीस लाखांचे कर्ज काढले. परवाना हाती आल्यावर खर्च संपला असे आम्हांस वाटले होते. त्यानंतर विशिष्ट विमान चालवण्यासाठी लागणाऱ्या टाइप रेटिंगचे चौदा लाख रुपये आणखी भरावे लागले, आणि तेही नोकरीचे पत्र हाती असताना, आमच्याच खिशातून.

पहिले पाच महिने त्याला चाळीस हजार रुपये विद्यावेतन मिळाले. आता कर कापून एक लाख पंधरा हजारांच्या आसपास हातात पडतात. कर्जाचा हप्ता एकाहत्तर हजारांचा आहे. तो दिल्लीत विमानतळाजवळ महिपालपूरला दोन खोल्यांच्या घरात आणखी तिघांबरोबर राहतो. चौघांच्या कामाच्या वेळा चार, म्हणून रात्री दोनला एकाचा गजर वाजतो, साडेतीनला दुसऱ्याचा, आणि सलग झोप कोणालाच मिळत नाही. पोळ्याला त्याला घरी येता आले नाही. कर्मचाऱ्यांच्या सवलतीच्या तिकिटावर, प्रवाशांना जागा दिल्यानंतर काही उरली तरच विमानात बसता येते, आणि सणाच्या दिवसांत नागपूरच्या विमानात ती उरत नाही. उरली तरी नागपूरहून आर्वीपर्यंत एसटीचे तीन-साडेतीन तास, आणि सुटी दोन दिवसांची.

गावात मात्र समज वेगळा आहे. पायलट म्हणजे महिन्याला पाच-सात लाख, असे धरून लोक सभामंडपाच्या वर्गणीपासून हातउसन्यापर्यंत सर्व अपेक्षा घेऊन दारी येतात. याहून मला लागलेली गोष्ट अशी, की आमच्या आईलाही मुलगा काहीतरी लपवतो आहे अशी शंका येऊ लागली आहे. फवारणीसाठी वीस हजार मागितले तेव्हा तो फोनवर बराच वेळ गप्प राहिला आणि "पुढच्या महिन्यात पाहतो" म्हणाला. त्या गप्प राहण्याचा अर्थ आईने वेगळा काढला.

माझे दोन प्रश्न आहेत. पहिला, ही परिस्थिती सर्वसाधारण आहे की आमच्याच भावाच्या वाट्याला ती आली आहे, आणि ती किती काळ टिकते? दुसरा अधिक तातडीचा आहे. वरूडजवळ राहणारे माझे मामा त्यांच्या मुलाला याच वाटेने पाठवण्यासाठी चार एकर संत्र्याची बाग विकायला निघाले आहेत. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून एप्रिल २०२५ मध्ये प्रवासी विमानसेवा सुरू झाली, तेथेच एअर इंडियाची प्रशिक्षण संस्था होणार असल्याची बातमी त्यांनी वाचली आहे, आणि आता आपल्या भागातली मुले विमान चालवणार या आनंदात ते आहेत. माझ्या भावाचे उदाहरणच ते सर्वांना देतात. इसारपत्र होण्यापूर्वी मी त्यांना काय सांगावे?

उजवी_खुर्ची यांचे उत्तर

दादा, मी अकोला जिल्ह्यातला असून गेली सहा वर्षे सहवैमानिक आहे. आपला भाऊ काहीही लपवत नाही, हे सर्वप्रथम आईंना सांगा. आपण दिलेला प्रत्येक आकडा मला ओळखीचा वाटला. माझ्या पहिल्या वर्षी मुंबईत मरोळला आम्ही पाच जण एका घरात राहत होतो आणि त्यातला एक जण हॉलमध्ये गादी टाकून झोपत असे.

सहवैमानिकाच्या पगाराची रचना समजली की बरेचसे गैरसमज दूर होतात. पगाराचा एक भाग ठरलेला असतो आणि दुसरा भाग उड्डाणाच्या तासांवर मिळतो. हे तास मोजले जातात ते विमानाच्या चाकांखालचे ठोकळे काढल्यापासून ते पुन्हा लावेपर्यंत. उड्डाणाच्या तासभर आधी हजर होणे, दिल्लीच्या धुक्यात विमान उशिरा येईल म्हणून गणवेशात तीन तास बसून राहणे, दोन उड्डाणांमधले थांबणे, हा सारा वेळ कामाचा असला तरी उड्डाणाच्या तासांत धरला जात नाही. शिवाय स्टँडबायचे दिवस असतात. त्या दिवशी बोलावणे येईल म्हणून शहर सोडता येत नाही, आणि बोलावणे आलेच नाही तर तासही जमा होत नाहीत. नव्या माणसाचे पहिले काही महिने प्रशिक्षक कॅप्टनबरोबर लाइन ट्रेनिंगमध्ये जातात आणि त्या काळात तो पूर्ण सहवैमानिक धरला जात नाही. आपण ज्याला विद्यावेतन म्हणता ते त्याच काळातले असावे. प्रशिक्षक कॅप्टन उपलब्ध नसले की हा काळ लांबतो. त्यात मुलाचा दोष नसतो, पण हप्ता मात्र थांबत नाही.

माझ्या कंपनीत २०२० च्या टाळेबंदीनंतर जी कपात झाली ती जुन्या कॅप्टनांच्या बाबतीत पुढे बरीच भरून निघाली. त्यानंतर भरती झालेल्यांना मात्र नवा करारच कमी निश्चित तासांचा मिळाला. त्यांच्या दृष्टीने कपात झालेलीच नाही, कारण त्यांनी आधीचा पगार पाहिलेला नाही. मला ही गोष्ट फार अन्यायाची वाटते. एकाच विमानात, एकाच परवान्यावर, माझ्यानंतर दोन वर्षांनी आलेला मुलगा माझ्या सुरुवातीच्या पगारापेक्षा कमी पगारावर बसतो, आणि महागाई लक्षात घेतली तर फारच कमी.

बाँडचाही विचार करा. टाइप रेटिंगचे पैसे स्वतः भरूनही काही ठिकाणी ठरावीक वर्षे कंपनी न सोडण्याचे लेखी बंधन असते. त्याखेरीज डीजीसीए या केंद्राच्या विमान वाहतूक नियामक संस्थेच्या २०१७ च्या नियमानुसार सहवैमानिकाला सहा महिन्यांची आणि कॅप्टनला वर्षाची आगाऊ सूचना द्यावी लागते. दुसरीकडे चांगला पगार मिळत असला तरी आज उठून उद्या जाता येत नाही.

विश्रांतीबाबत थोडी सुधारणा झाली आहे. डीजीसीएने जानेवारी २०२४ मध्ये नवे नियम जाहीर केले. आठवड्याची सलग विश्रांती छत्तीस तासांवरून अठ्ठेचाळीस तासांची झाली आणि रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आली. अंमलबजावणी मात्र जुलै आणि नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत झाली. डिसेंबरमध्ये देशातील सर्वांत मोठ्या कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली, कारण नव्या नियमांना पुरतील इतके वैमानिक तिने हाताशी ठेवलेले नव्हते, आणि मग रात्रीच्या कामाच्या नियमांतून तिला तात्पुरती सूट देण्यात आली. त्या आठवड्यात प्रवाशांचे जे हाल झाले ते सर्वांनी पाहिले. नियम कागदावर आला तरी चौघांच्या खोलीत झोप पूर्ण होत नाही, हे मात्र कोणाला दिसत नाही. आपल्या भावाला शक्य असेल तर त्याने दोघांतच खोली घ्यावी, भाडे थोडे जास्त पडले तरी. हप्त्याच्या खालोखाल मी झोपेला महत्त्व देईन.

बिरसी_धावपट्टी यांचे उत्तर

मी निवृत्त प्रशिक्षक असून गोंदियाला स्थायिक झालो आहे. येथील बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. पुढे तेथेच वैमानिक प्रशिक्षण संस्था उभी राहिली. सायंकाळी फिरायला गेलो की धावपट्टीभोवती घिरट्या घालणारी छोटी विमाने दिसतात आणि प्रत्येक विमानामागे कोणाचे तरी शेत, कोणाच्या तरी आईचे दागिने आहेत हा विचार मनातून जात नाही.

वरच्या सदस्याने आजची स्थिती नेमकी मांडली आहे. ती येथवर कशी आली, याबद्दल थोडे सांगतो. पूर्वी कंपनी परवानाधारक मुलाला घेत असे आणि विशिष्ट विमानाचे प्रशिक्षण हा कंपनीच्या धंद्याचा खर्च मानला जाई. हळूहळू तो खर्च उमेदवाराकडे सरकला. आधी परवाना, मग टाइप रेटिंग, आणि आता कंपन्यांच्या कॅडेट योजनांत सुरुवातीपासून शेवटापर्यंतचे सारेच कुटुंबाने भरायचे. ती रक्कम एक कोटीच्या घरात जाते. पगाराचा आकडा घसरला नाही असे एखाद्याने सिद्ध करून दाखवले, तरी तो पगार मिळवण्यासाठी आधी भरलेली रक्कम इतकी वाढली आहे, की हाती उरणारे घसरलेच आहे. म्हणून पगारपत्रक एकटे पाहू नये. त्याच्या शेजारी बँकेचे पासबुक ठेवून दोन्ही एकत्र वाचावीत.

वैमानिकांचा तुटवडा आहे, ही बातमी आपले मामा वाचत असतील. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. तुटवडा आहे तो हजारो तासांचा अनुभव असलेल्या कॅप्टनांचा. दोनशे तास उडवून नुकताच व्यावसायिक परवाना घेतलेल्यांची संख्या जागांपेक्षा पुष्कळ जास्त आहे. २०२३ या एका वर्षात डीजीसीएने १,६२२ व्यावसायिक परवाने दिले, आणि तो तोवरचा उच्चांक होता. अमरावतीच्या संस्थेची घोषणा झाली तेव्हा चौतीस विमाने आणि वर्षाला एकशे ऐंशी वैमानिक असे उद्दिष्ट सांगितले गेले. आपल्या भागात अशी सोय होणे मला मनापासून आनंदाचे वाटते. पण प्रशिक्षणाची जागा वाढली म्हणून नोकरीची जागा वाढत नाही. रांगेत माणसे वाढली की रांगेच्या शेवटी उभ्या असलेल्याला दर ठरवता येत नाही. हंगामात एकाच दिवशी साऱ्या गावाची तूर बाजार समितीत उतरली की भावाचे काय होते, हे आपणांस मी सांगायला नको.

त्यात कंपन्या बंद पडण्याची भर. किंगफिशर २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये थांबली, जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ रोजी, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. प्रत्येक वेळी शेकडो अनुभवी वैमानिक एकदम बाजारात आले आणि नव्या मुलांची प्रतीक्षा वर्ष-दोन वर्षांनी लांबली. माझे काही विद्यार्थी असे आहेत की ज्यांचे उमेदीच्या काळातले पगार थकीतच राहिले आणि बँकेने मात्र त्यांच्या वडिलांच्या दारी माणूस पाठवला.

हा प्रश्न एकट्या आपल्या देशाचा नाही. अमेरिकेत १२ फेब्रुवारी २००९ रोजी बफेलो शहराजवळ कोल्गन एअरचे विमान कोसळून विमानातील एकोणपन्नास आणि जमिनीवरचा एक, असे पन्नास जण मृत्युमुखी पडले. चौकशीत जे उघड झाले त्याने तो देश हादरला. तरुण सहवैमानिकेचा पगार इतका अल्प होता की ती आईवडिलांकडे सिएटलला राहत असे. आदल्या रात्री मालवाहू विमानांतून देश ओलांडून ती कामावर नेवार्कला पोहोचली होती, आणि झोप कर्मचाऱ्यांच्या खोलीतल्या सोफ्यावर झाली होती. अपघाताचे मुख्य कारण कॅप्टनने दिलेला चुकीचा प्रतिसाद हेच ठरले. दोघांच्या थकव्याचा परिणाम कितपत झाला ते तपास यंत्रणेला नेमके मोजता आले नाही, परंतु तो झाला असावा असे तिने नोंदवले. त्यानंतर तेथील संसदेने २०१० मध्ये कायदा केला आणि २०१३ पासून सहवैमानिकालाही सामान्यतः दीड हजार तासांचा अनुभव आवश्यक झाला. पुढे माणसे मिळेनाशी झाली तेव्हा, २०२२ मध्ये, तेथील काही प्रादेशिक कंपन्यांनी नव्या सहवैमानिकाचा दर तासाला नव्वद डॉलरपर्यंत नेला. म्हणजे पगार वाढवणे अशक्य होते असे नाही. तोवर वाढवण्याची गरज कोणाला भासली नव्हती.

आपला भाऊ किती काळात सावरेल, हा आपला प्रश्न आहे. कॅप्टन होण्यासाठी वरच्या दर्जाचा परवाना हवा आणि त्यासाठी दीड हजार तास लागतात. वर्षाला हजार तासांहून अधिक उडता येत नाही, आणि प्रत्यक्षात सातशे-आठशे भरतात. पुढे कंपनीतील ज्येष्ठताक्रम आणि कमांडची परीक्षा. साधारण पाच ते सात वर्षे धरा. त्यानंतरचा पगार गावात बोलला जातो तसा खरोखरच मोठा असू शकतो. पण ही पाच-सात वर्षे कुटुंबाने मुलाकडून काही न मागता काढायची असतात, आणि हे त्यांना आधी कोणी सांगत नाही.

तारण_आणि_जामीन यांचे उत्तर

यवतमाळ जिल्ह्यात बँकेत चौतीस वर्षे काम केलेला माणूस म्हणून केवळ कर्जापुरते लिहितो.

पंचेचाळीस लाखांचा हप्ता एकाहत्तर हजार कसा, हा प्रश्न आपणांस पडला असेल. पंचेचाळीस लाख, अकरा टक्के व्याज आणि दहा वर्षांची मुदत धरली तर हप्ता सुमारे बासष्ट हजार येतो. मात्र शिक्षणाच्या काळात हप्ता नसला तरी व्याज चढत असते आणि ते शेवटी मुद्दलात मिळते. आपले कर्ज त्यामुळे बावन्न लाखांच्या आसपास गेले असावे. त्या काळात दरमहा नुसते व्याज भरत राहिला असता तर हा फरक पडला नसता. आपल्या मामांनी कर्ज काढलेच, तर ही एक गोष्ट त्यांनी कटाक्षाने पाळावी. संत्र्याचा चुकारा वर्षातून एकदा येत असला तरी त्यातून व्याजाचा भाग वेगळा काढता येतो.

आपण जमीन विकली, तारण ठेवली नाही, यामागेही कारण आहे. शेतजमिनीवरील तारणाला सरफेसी कायदा लागू होत नाही. कर्ज बुडाले तर न्यायालयात न जाता ती जप्त करण्याचा मार्ग बँकेला उपलब्ध नसल्याने शैक्षणिक कर्जासाठी बँका शेती सहसा घेत नाहीत आणि शहरातील घर किंवा अकृषक प्लॉट मागतात. शेतकरी मग जमीन विकूनच मोकळा होतो. माझ्यासमोर खुर्चीत बसून कित्येक वडिलांनी हा निर्णय दहा मिनिटांत घेतलेला मी पाहिला आहे, आणि मी त्यांना थांबवू शकलो नाही याची खंत आजही आहे. विकलेली ओलिताची जमीन त्याच भावात परत मिळत नाही.

मुदत दहावरून पंधरा वर्षे करून मिळते का, ते शाखेत लेखी अर्ज करून विचारा. हप्ता दहा-बारा हजारांनी उतरेल. एकूण व्याज वाढेल हे खरे, पण आपल्या भावाची पहिली पाच वर्षेच अवघड आहेत आणि पुढे तो जादा भरून कर्ज लवकर संपवू शकतो. जुन्या करप्रणालीत राहिल्यास शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट आठ वर्षे मिळते, तीही त्याने तपासावी.

वाशीम_२०० यांचे उत्तर

दादा, माझ्याकडे व्यावसायिक परवाना आहे आणि दोन वर्षे झाली, नोकरी नाही. अमरावतीला एका शिकवणीत बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवते. इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे केवळ उपकरणांच्या आधारे विमान चालवण्याची पात्रता, दरवर्षी चालू ठेवावी लागते, त्यासाठी पुन्हा विमान भाड्याने घेऊन तास उडवावे लागतात. शिकवणीतून वर्षभरात जे साठते त्यातले बहुतेक तिकडेच जाते. परीक्षा दोन कंपन्यांच्या दिल्या. दोन्ही वेळा टाइप रेटिंगचे पैसे कधी भरू शकाल, हा प्रश्न आला आणि माझ्या बाबांनी आता विकण्यासारखे काही उरलेले नाही.

आपल्या भावाचे एक लाख पंधरा हजार मला कमी वाटत नाहीत असे मी म्हणणार नाही, कारण हप्ता काय असतो ते मला ठाऊक आहे. फक्त आपल्या मामांना एवढे सांगा, की मुलाची शारीरिक तपासणी सर्वांत आधी करून घ्यावी. डीजीसीएच्या यादीतील डॉक्टरकडून आधी क्लास टू, मग क्लास वन. माझ्याबरोबरच्या एका मुलाने निम्मी फी भरल्यावर त्याच्या डोळ्यांतला दोष निघाला. हवामानशास्त्र, नेव्हिगेशन आणि नियमांचे पेपर घरी राहून अभ्यास करूनही देता येतात. ते सुटल्याशिवाय फ्लाइंग स्कूलला एक रुपयाही देऊ नये. ओबीसी, भटके-विमुक्त किंवा विशेष मागास प्रवर्गात बसत असाल तर महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थेने नागपूर फ्लाइंग क्लबमधून वैमानिक प्रशिक्षणाची योजना राबवली होती. तिच्या पुढच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा. जागा मोजक्या असतात, पण बाग विकावी लागत नाही.

कपाशी_आर्वी

सर्वांचे मनापासून आभार. हा धागा मी आईला मोठ्याने वाचून दाखवला. उजवी_खुर्ची यांचे गादीचे वाक्य आले तेव्हा तिने पुन्हा वाचायला सांगितले, आणि नंतर स्वतः फोन करून भावाला विचारले की तो कुठल्या खोलीत झोपतो. तो हॉलमध्येच झोपतो. दहा महिन्यांत आम्ही त्याला हे विचारलेच नव्हते.

रविवारी वरूडला जाऊन आलो. भावाच्या संमतीने त्याचे पगारपत्रक आणि आमचे पासबुक दोन्ही मामांसमोर ठेवले. मामा बराच वेळ पाहत राहिले. त्यांचा मुलगा तेथेच बसला होता, त्याचा चेहरा उतरला आणि मला वाईट वाटले, कारण हुशार मुलगा आहे आणि हौस खरी आहे. ठरले ते एवढेच, की झाडांवर आंबिया बहाराची संत्री आहेत ती उतरेपर्यंत इसारपत्र करायचे नाही, या महिन्यात नागपूरला क्लास टूची तपासणी करायची, आणि पेपर सुटेपर्यंत बागेचा विषय काढायचा नाही. मामींनी त्यात भर घातली की बाग विकण्याऐवजी परतवाड्याचा प्लॉट तारण देता येईल का ते आधी पाहावे.

तारण_आणि_जामीन यांना एक विचारायचे राहिले. मुदतवाढीचा अर्ज शाखेत दिला आहे. व्यवस्थापकांनी सोबत विमा घ्या असे सुचवले, पण तो कर्जदाराच्या मृत्यूपुरता आहे. वैद्यकीय कारणाने भावाचा परवानाच गेला तर हप्ता कोण भरेल, याचे उत्तर त्यात नाही. परवाना गमावण्याचा वेगळा विमा असतो असे भाऊ म्हणतो, आणि कंपनीच्या सामूहिक विम्यात तो पूर्ण सहवैमानिक झाल्यावरच बसला आहे. त्या रकमेवर बँकेचा हक्क आधी लिहून द्यावा लागतो का, की ती भावाच्याच खात्यात येते?